जायंट्सची तीन विजेतेपदं आणि दुसऱ्या फळीतले खेळाडू

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेसबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाने २०१०, २०१२ आणि २०१४ अशी पाच वर्षांत तीनदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. मॅडिसन बमगार्नर, बस्टर पोझी, टिम लिन्सेकम, पाब्लो सँडोव्हल ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. ही मंडळी बाजूला ठेवली तर खरा वाटा कोणाचा, आणि तो आकड्यांत कुठे शोधायचा?

एकच नाव घ्यायचं तर जेरेमी अफेल्ट. दोन घ्यायची तर त्याच्या जोडीला युस्मेइरो पेटिट. त्यांच्यामागे ग्रेगोर ब्लँको, मार्को स्कूटारो, हाविएर लोपेझ आणि रायन व्होगलसाँग. कोडी रॉस आणि एडगर रेंटेरिया यांना दुर्लक्षित म्हणणं मला पटत नाही. रॉस २०१० च्या नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक; दोन्हींचे विजेते वर्ल्ड सिरीज खेळतात) अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, रेंटेरिया त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा. स्कूटारोलाही २०१२ च्या लीग मालिकेत तो मान मिळाला, पण बॅटिंगसाठी. त्याचं जे काम मला जास्त मोलाचं वाटतं त्यासाठी कुठलाच चषक नसतो.

क्रिकेटच्या सवयीने बेसबॉल पाहणाऱ्यांनी एक नियम आधी डोक्यात पक्का करावा: एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलायचा निर्णय मागे घेता येत नाही, आणि राखीव पिचरांचा ताफा, म्हणजे बुलपेन, कोणत्या क्रमाने वापरायचा यावर मॅनेजरचं निम्मं कसब खर्ची पडतं. जायंट्सचे मॅनेजर ब्रूस बोची यांचं नाव झालं ते यातच.

दुसरी गोष्ट घरच्या मैदानाची. त्या काळात तिथे उजव्या-मध्य कोपऱ्यातली भिंत ४२१ फुटांवर होती. इतर मैदानांवर जो फटका सहज होम रन होतो तो इथे झेल व्हायचा, नाहीतर त्या कोपऱ्यात घरंगळत जाऊन तीन बेस (धावायचे चार टप्पे; चौथा, म्हणजे घर, गाठला की एक रन) द्यायचा. अशा मैदानासाठी संघ बांधताना पिचिंग, पळणारे आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातले फील्डर) आणि बॅटला चेंडू लावणारे बॅटर लागतात. सामने २-१, ३-२ असे सुटतात, आणि एका रनच्या सामन्यात आठव्या क्रमांकाच्या खेळाडूचं एक काम चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूच्या होम रनइतकंच भरतं.

२०१० चा संघ ९२ सामने जिंकून, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी सॅन डिएगो पाद्रेसला ३-० हरवून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, गेला. ऑब्री हफ एका वर्षाच्या स्वस्त करारावर आलेला, पॅट बरेलला टँपा बेने मे महिन्यात सोडून दिलेलं, आंद्रेस टोरेस वर्षानुवर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, भटकून बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा नियमित खेळणारा. कोडी रॉसला तर ऑगस्टच्या शेवटी फ्लोरिडा मार्लिन्सने वेव्हरवर टाकलं, म्हणजे दुसऱ्या संघांना घेण्यासाठी मोकळं केलं, तेव्हा जायंट्सने उचललं. तो पाद्रेसच्या हाती लागू नये हाच मुख्य हेतू होता असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. त्याच रॉसने लीग मालिकेच्या पहिल्या सामन्यात फिलाडेल्फिया फिलीजच्या रॉय हॅलडेला दोन होम रन मारले.

त्या वर्षीची शांतपणे झालेली अदलाबदल म्हणजे ३१ जुलैला पिट्सबर्गकडून घेतलेला डावखुरा रिलीव्हर (सामना सुरू झाल्यावर बदली येणारा पिचर) हाविएर लोपेझ. तो हात खांद्यावरून न आणता बाजूने, जवळजवळ कमरेच्या पातळीवरून आणायचा. डावखुऱ्या बॅटरला असा चेंडू आपल्या पाठीमागून निघाल्यासारखा दिसतो आणि तिथून तो बाहेरच्या कोपऱ्याकडे वळत जातो. बॅटरचा पुढचा खांदा नकळत लवकर उघडतो, बॅटचं टोक चेंडूपर्यंत पोहोचत नाही, आणि झालाच संपर्क तर चेंडू जमिनीवर घरंगळतो. उजव्या हाताच्या बॅटरला मात्र हाच चेंडू हातातून सुटल्यापासून स्वच्छ दिसतो, म्हणून तिथे हे शस्त्र बोथट. अशा पिचरला आणायची वेळ चुकली की नुकसान ठरलेलं: तो मैदानात आला की समोरचा संघ डावखुरा बॅटर काढून उजवा पाठवू शकतो, आणि त्या काळच्या नियमाने आलेल्या पिचरला निदान एका बॅटरला तरी चेंडू टाकावेच लागत. बोची त्याला अशाच जागी आणायचे जिथे समोरच्याला आपला बॅटर बदलणं परवडणार नाही. फिलाडेल्फिया फिलीजकडे चेस अटली आणि रायन हॉवर्ड हे दोघे डावखुरे भरवशाचे बॅटर होते. त्यांना बसवायचं म्हणजे संघच बसवायचा.

त्या मालिकेचा सहावा सामना, २३ ऑक्टोबर २०१०, बुलपेनच्या कामाचा पाठ म्हणून पाहावा. सुरुवातीचा पिचर जोनाथन सांचेझ पहिल्या इनिंगमध्ये (तीन आउटचा डाव; सामन्यात प्रत्येक संघाचे असे नऊ) दोन रन देऊन बसला. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने एकाला वॉक दिला (चार चुकीचे चेंडू टाकून पहिला बेस फुकट दिला) आणि अटलीला चेंडू मारला. शब्दाला शब्द वाढून दोन्ही संघ मैदानात उतरले. बेसवर दोघे, आउट एकही नाही, धावफलक २-२. तिथे अफेल्ट आला आणि त्याने ओळीने तिघांना बाद केलं. चौथी इनिंगही त्याचीच. पुढे बमगार्नरने दोन इनिंग काढल्या, सातवी लोपेझने, मग लिन्सेकम आणि शेवटी ब्रायन विल्सन. सांचेझ गेल्यापासून सात इनिंगमध्ये फिलीजना एकही रन नाही. आठव्या इनिंगमध्ये ह्वान उरिबेचा होम रन उजव्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला आणि सामना ३-२ असा सुटला. विजय लोपेझच्या नावावर लागला, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) विल्सनच्या, आणि ठळक मथळा उरिबेचा. तिसऱ्या इनिंगमधल्या त्या तीन आउटसाठी बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेपत्रकात, वेगळा रकानाच नाही.

वर्ल्ड सिरीजमधला रेंटेरियाचा क्लिफ लीवरचा तीन रनांचा होम रन सगळ्यांना आठवतो. त्याच्या आधी दोन सिंगल (एका बेसचे फटके) झाले आणि मग हफने बंट करून, म्हणजे चेंडूला नुसती बॅट लावून, दोघांना एकेक बेस पुढे सरकवलं, ही गोष्ट विसरली जाते. हफची सॅक्रिफाइस बंटची (स्वतः बाद होऊन इतरांना पुढे सरकवायची) कारकीर्दीतली ती पहिलीच वेळ. आता काटेकोर हिशोब करायचा तर होम रन झाल्यावर त्या बंटने काही फरक पडला नाही, तीन रन तसेही झाले असते. पण लीसारख्या पिचरसमोर शून्य-शून्य असताना तिसऱ्या बेसवर खेळाडू आला की पिचरला चेंडू फार खाली टाकायची भीती वाटते, कारण तो कॅचरकडून निसटला की रन. बंटची किंमत असलीच तर ती तिथे शोधावी.

२०१२ कडे मी जास्त वेळ थांबतो, कारण त्या वर्षी संघ सहा वेळा बाद होण्याच्या उंबरठ्यावर होता. ऑगस्टमध्ये बॅटर मेल्की कब्रेरावर बंदी आली, विल्सन तर एप्रिलपासूनच कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर. प्लेऑफच्या पाच सामन्यांच्या पहिल्या मालिकेत सिनसिनाटीविरुद्ध घरी पहिले दोन्ही सामने गेले आणि पुढचे तीनही त्यांच्याच मैदानावर जिंकायचे होते. तिसऱ्या सामन्यात होमर बेलीने सात इनिंगमध्ये जायंट्सना एकच हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिला. अशा दिवशी आपला पिचर टिकला नाही तर हंगाम तिथेच संपतो. व्होगलसाँगने पाच इनिंगमध्ये एक हिट आणि एक रन एवढंच दिलं, आणि दहाव्या इनिंगमध्ये स्कॉट रोलेनच्या हातून चेंडू सुटला तेव्हा सामना २-१ असा जिंकला गेला. हाच व्होगलसाँग पुढच्या मालिकेत सेंट लुईसविरुद्धचे दोन सामने जिंकला, त्यातला दुसरा मालिकेत ३-२ असे मागे असताना. त्या प्लेऑफमध्ये चार सामन्यांत त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातले सरासरी रन) १.०९. त्याचा त्याआधीचा प्रवास: जायंट्सनेच १९९८ मध्ये निवडलेला, २००१ मध्ये पिट्सबर्गला दिलेला, कोपराची शस्त्रक्रिया, तीन वर्षं जपानमध्ये हान्शिन आणि ओरिक्सकडे, आणि २०११ च्या जानेवारीत मायनर लीगच्या करारावर परत. (बॅरी झिटोने त्याच सेंट लुईस मालिकेत ३-१ असे मागे असताना सात इनिंग आणि आठव्यातले दोन आउट होईपर्यंत एकही रन दिला नाही. पण १२.६ कोटी डॉलरच्या करारावरचा माणूस या यादीत घेणं जरा जड जातं.)

आता २५ ऑक्टोबर २०१२, वर्ल्ड सिरीजचा डेट्रॉइट टायगर्सविरुद्धचा दुसरा सामना. निकाल २-०. बमगार्नरच्या सात इनिंग सगळ्यांच्या तोंडी आहेत. मी मात्र दुसरी आणि सातवी इनिंग पुन्हा पाहायला सांगेन.

दुसऱ्या इनिंगमध्ये प्रिन्स फील्डर पहिल्या बेसवर, आउट कोणी नाही. डेल्मन यंगचा फटका डाव्या रेषेने कोपऱ्यात गेला. ब्लँकोने तो उचलून फेकला, पण फेक उंच गेली आणि मध्ये उभ्या शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) ब्रँडन क्रॉफर्डच्या डोक्यावरून निघून गेली. एरवी इथे रन ठरलेला असतो. पण क्रॉफर्डच्या मागे स्कूटारो उभा होता. तो सेकंड बेसमन, म्हणजे त्याची जागा मैदानाच्या दुसऱ्या बाजूला. चेंडू कोपऱ्यात गेला हे पाहताच तो तिरका धावत आला होता, कारण लांबच्या फेकीसाठी एकामागे एक असे दोघे उभे करायचे असतात: पहिला फेक अडवायला, दुसरा पहिल्याच्या मागे काही पावलांवर, फेक उंच गेली किंवा टप्पा चुकला तर घ्यायला. दुसरा माणूस फार जवळ उभा राहिला तर उंच फेक दोघांच्याही डोक्यावरून जाते. फार लांब राहिला तर चेंडू त्याच्यापर्यंत येईस्तोवर रनर घरी पोहोचतो. स्कूटारोने चेंडू झेलला, वळला आणि कॅचर पोझीकडे फेकला. पोझीने मागे वळत प्रिन्स फील्डरला टॅग केलं, म्हणजे चेंडू अंगाला लावून बाद केलं. एक रन, बेसवर खेळाडू आणि शून्य आउट होण्याऐवजी रन नाही, एक आउट आणि बेसवर एकच खेळाडू. सराव करताना ही जागा घेणारे दहातले नऊ वेळा नुसतेच धावतात, चेंडू त्यांच्याकडे येतच नाही. म्हणूनच थकलेल्या संघात पहिली काटछाट याच धावण्याची होते.

सातव्या इनिंगमध्ये अजूनही ०-०. हंटर पेन्स आणि ब्रँडन बेल्ट बेसवर, आउट नाही, बॅटवर ब्लँको. हेतू साधा होता: बंट करायची, आपण बाद झालो तरी दोघे एकेक बेस पुढे. चांगल्या बंटमध्ये बॅट चेंडूवर मारायची नसते. वरचा हात सैल ठेवून बॅट किंचित मागे येऊ द्यायची, म्हणजे चेंडूचा जोर मरतो, आणि बॅटचा कोन आधीच ठरवायचा, चेंडू आल्यावर नाही. ब्लँकोचा चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेला लागून घरंगळत गेला आणि रेषेच्या आत थांबला. डेट्रॉइटचे खेळाडू तो बाहेर जाईल म्हणून नुसते पाहत राहिले. तिन्ही बेस भरले. टायगर्सचे इनफिल्डर मागे, डबल प्लेच्या (एकाच चेंडूवर दोघांना बाद करायच्या) जागी उभे राहिले, म्हणजे त्यांनी एक रन सोडायची तयारी ठेवली. क्रॉफर्डच्या ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर, डबल प्ले झाला आणि पेन्स घरी आला. सामन्यातला पहिला रन हाच. क्रॉफर्डच्या नावापुढे या डबल प्लेचा आरबीआयसुद्धा (बॅटरने मिळवून दिलेल्या रनची नोंद) लागत नाही.

त्या मालिकेचा शेवटचा, चौथा सामना दहाव्या इनिंगपर्यंत गेला. विजयी रन काढणारा रायन थेरियो म्हणजे स्कूटारो आल्यामुळे ज्याची सेकंड बेसची जागा गेली तोच. अमेरिकन लीगच्या मैदानावर डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) लागायचा म्हणून त्याला त्या दिवशी जागा मिळाली. त्याचा सिंगल, क्रॉफर्डची बंट, आणि दोन आउट झाल्यावर स्कूटारोचा फटका. मग सर्जिओ रोमोने टायगर्सच्या मिगेल कब्रेराला स्लायडरवर स्लायडर (वळणारे चेंडू) टाकत नेलं आणि शेवटी ताशी ८९ मैलांचा सरळ चेंडू मधोमध सोडला. त्या वर्षीचा ट्रिपल क्राउनचा (सरासरी, होम रन आणि आरबीआय तिन्हींत लीगमध्ये अव्वल) मानकरी बॅट न हलवता बाद झाला. रोमो २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, अठ्ठाविसाव्या फेरीत निवडलेला होता.

२०१४ हे पेटिटचं वर्ष. त्याच्याकडे वेग नव्हता. कटर आणि कर्व्ह हे वळणारे चेंडू आणि नेमकेपणा यावर तो जगायचा. जुलै-ऑगस्टमध्ये त्याने आठ सामन्यांत मिळून लागोपाठ ४६ बॅटर बाद करून मेजर लीगचा विक्रम केला, तरी प्लेऑफमध्ये त्याला सुरुवातीच्या पिचरची जागा मिळाली नाही. लाँग रिलीव्हर ही बुलपेनमधली सर्वात कमी मानाची जागा असते: संघ गडबडला की बोलावणं येतं, एरवी दिवसच्या दिवस नुसतं बसणं. ४ ऑक्टोबरला वॉशिंग्टनविरुद्धचा सामना अठरा इनिंग चालला. पेटिट बाराव्या इनिंगमध्ये आला आणि सतराव्यापर्यंत राहिला. सहा इनिंग, एक हिट, शून्य रन, सुमारे ८० चेंडू. अठराव्यात ब्रँडन बेल्टच्या होम रनने सामना २-१ असा सुटला. असा माणूस नसता तर बोचींना पुढच्या सामन्याच्या पिचरला हात घालावा लागला असता आणि ती मालिका तिथून बिघडत गेली असती. सेंट लुईसविरुद्ध चौथ्या सामन्यात आणि वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात व्होगलसाँग लवकर ढेपाळला. दोन्ही वेळा पेटिटने तीन-तीन इनिंग शून्यावर काढल्या आणि संघ मागून येऊन जिंकला.

ट्रॅव्हिस इशिकावाचा लीग मालिका संपवणारा होम रन तुम्ही पाहिला असेलच. मूळचा फर्स्ट बेसमन असलेल्या त्याला सप्टेंबरच्या शेवटी, गरज म्हणून, लेफ्ट फील्डला उभं केलं होतं. त्याच सामन्यात एक चेंडू त्याच्या अंदाजाबाहेर जाऊन रनही गेला होता. पण तो होम रन विजयी ठरला कारण त्याच्या अर्धी इनिंग आधी, ३-३ असताना, तिन्ही बेस भरलेले आणि दोन आउट अशा जागी अफेल्टने ऑस्कर ताव्हेरासला स्वतःच्याच हातात ग्राउंडर मारायला लावला.

आणि कॅन्सस सिटीतला वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, २९ ऑक्टोबर २०१४. बमगार्नरच्या पाच इनिंगच्या सेव्हखाली बाकी सगळं गाडलं गेलंय. टिम हडसनला दुसऱ्याच इनिंगमध्ये काढावं लागलं तेव्हा धावफलक २-२ होता. तिथून चौथ्या इनिंगअखेर अफेल्टने सात आउट काढले, रन शून्य. तिसऱ्या इनिंगमध्ये लोरेन्झो केन पहिल्या बेसवर, आउट नाही, आणि एरिक हॉस्मरचा ग्राउंडर मधून निघाला होता. जो पॅनिकने उजवीकडे झेपावून तो अडवला आणि चेंडू हातात न घेता थेट ग्लोव्हमधूनच क्रॉफर्डकडे ढकलला. हातात घ्यायला लागणारा अर्धा क्षण वाचला म्हणूनच पुढची फेक वेळेत गेली. हॉस्मरने पहिल्या बेसवर डोकं पुढे करून उडी घेतली. सरळ धावत राहिला असता तर बहुधा वाचला असता. पंचाने सेफ दिलं, बोचींनी दाद मागितली, रिप्लेत निर्णय फिरला. चौथ्यात मायकेल मोर्सच्या सिंगलवर ३-२. पाचव्यात बरोबरीचा रनर दुसऱ्या बेसवर असताना नोरी आओकीचा डाव्या रेषेकडचा फटका ह्वान पेरेझने धावत जाऊन घेतला. सामन्यानंतर विजय आधी बमगार्नरच्या नावावर लागला होता. आघाडी मिळाली तेव्हा नोंदीतला पिचर अफेल्ट होता हे लक्षात आल्यावर तो अफेल्टला दिला गेला. या सामन्याअखेर प्लेऑफमध्ये सलग २२ वेळा तो एकही रन न देता परतला होता, आणि त्याचा प्लेऑफमधला एकूण ईआरए ०.८६ आहे. न्याय म्हणून हेही नोंदवतो: नवव्या इनिंगमध्ये अॅलेक्स गॉर्डनचा सिंगल तिसऱ्या बेसपर्यंत गेला तो ब्लँको आणि पेरेझ या दोघांच्याही हातून चेंडू सुटल्यामुळे.

आकड्यांत हे शोधायचं कसं? रिलीव्हरचा ईआरए एकटा पाहू नका. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेला खेळाडू घरी आला तर तो रन आधीच्याच्या खात्यात जातो, त्यामुळे वाईट रिलीव्हर चांगला दिसू शकतो आणि सांचेझला वाचवणाऱ्या अफेल्टला काहीच मिळत नाही. इनहेरिटेड रनर्स हा रकाना उघडा आणि त्यातले किती घरी आले ते पाहा. मग चेंडूवार नोंदीत लिव्हरेज इंडेक्स पाहा: १ म्हणजे सरासरी प्रसंग, २ च्या वर म्हणजे सामना तिथे फिरू शकतो. विन प्रॉबॅबिलिटीचा (त्या प्रसंगाने जिंकण्याची शक्यता किती बदलली याचा) आकडा वापरताना मात्र एक फसगत होते. फील्डरने केलेली कमाल त्या हिशोबात पिचरच्या खात्यात पडते. पॅनिकचा डबल प्ले अफेल्टला मिळाला, पेरेझचा झेल बमगार्नरला, आणि स्कूटारोची धाव बमगार्नरलाच. म्हणून लिव्हरेज उंच असलेल्या जागा आकड्यांतून काढायच्या आणि नेमकं काय झालं ते चित्रीकरणात पाहायचं. तेही शक्यतो संपूर्ण मैदान दिसणाऱ्या कोनातून, कारण नेहमीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि स्कूटारो कुठून निघाला ते दिसत नाही.

आजच्या संघांना हे गणित जसंच्या तसं लावू नका. २०२० पासून रिलीव्हरला निदान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट गाठावाच लागतो, त्यामुळे लोपेझसारखा एका बॅटरपुरता पिचर बाळगणं कोणाला परवडत नाही. ऑगस्टमधले वेव्हरवरचे व्यवहार २०१९ पासून बंद झाले. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही डेझिग्नेटेड हिटर आला, म्हणजे लाँग रिलीव्हरला बॅटिंगची पाळी आली म्हणून काढायची वेळ येत नाही. पेटिटच्या जातीच्या पिचरची किंमत त्यामुळे वाढली आहे, पगार मात्र अजून क्लोजरलाच, म्हणजे शेवटची इनिंग टाकणाऱ्यालाच, जास्त मिळतो.